पिकेपर्यंत थांबा

चारोळीच्या फळांना देवरीकडे चारं म्हणतात, आणि ती पिकायच्या आधीच लोक फांद्यांसकट ओरबाडून आणतात. "फळ पिकेपर्यंत थांबा, फांदी तोडू नका, थोडं पाखरांना ठेवा," हे जियालाल गुरुजी दरवर्षी सातवीच्या वर्गाला घसा कोरडा होईस्तोवर शिकवत. पोरं पेपरात उत्तर अचूक लिहीत आणि शाळा सुटली की पिशव्या घेऊन जंगलात पळत. यंदा मात्र आक्रीत घडलं. वर्गानं खरंच ऐकलं, घरच्यांनाही थांबवलं.

पंधरा दिवसांनी भूमेश्वरी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, चारं पिकली असतीन म्हणून सकाळी गेलो, तं झाडाले एक दाणा नाही. फांद्या बी तोडून नेल्या. तुमचं आयकून माय थांबली, आता मलेच बोलून राहिली."

"कोणी नेल्या?"

ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

दुपारी लुनावरून आपल्या गावी परतताना वाटेतली बोडकी झाडं पाहून गुरुजी चरफडत होते. तीस वर्षांत एकदाच शिकवणं कामी आलं, आणि त्याचं हे असं झालं. उद्या त्या पोरीला तोंड कसं दाखवायचं?

घरी अंगणभर हिरवी चारं वाळत घातली होती. गुरुजींच्या पत्नी कुंताबाई हरखून पुढे आल्या.

"पाहा, किती भेटली! औंदा तुमच्या शाळेचे पोट्टे जंगलात आलेच नाही ना!"