अकरा फेऱ्या

“फेऱ्या अकरा की बारा?” पाटी कोरणाऱ्याने विचारलं. “नीट सांगा साहेब, दगडावर खाडाखोड होत नाही.”

“थांब जरा,” संग्रहालयाचे अभिरक्षक म्हणाले. आठ वर्षांपूर्वी हा आकडा त्यांनीच ठोकून दिला होता.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते संग्रहालयात शहराच्या इतिहासावर बोलत. बोलत म्हणजे तारखा सांगत. लोक त्यांना ‘सनावळी सर’ म्हणत, अर्थात पाठीमागे. महापुरावरच्या व्याख्यानाला तेवीस श्रोते होते. विसाव्या मिनिटाला त्यांतले नऊ झोपले, एक चक्क घोरू लागला. सरांजवळ पुरावा म्हणून एकच कागद होता, जुना पंचनामा. पडलेली घरं सत्तर, वाहून गेलेली गुरं एकतीस, आणि अगदी शेवटी: दगावलेला इसम एक, दारूच्या नशेत काठावर निजलेला. यावर कोण जागं राहणार? सरांनी दारुडा गाळला आणि नावाडी घातला. नावाड्याने अकरा फेऱ्या मारून माणसं पलीकडे पोचवली. बाराव्या फेरीला गेला तो परतलाच नाही. घोरणारासुद्धा उठून बसला.

तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीवरून एक आजी उभ्या राहिल्या. पूर डोळ्यांनी पाहिलेलं त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

“ते माझे वडील,” त्या म्हणाल्या.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आजींची खुर्ची पहिल्या रांगेत. पूर्वी त्या कधी आल्या, कधी गेल्या, कोणाला पत्ता नसे. आता त्या आल्या की चार माणसं उठून उभी राहत. म्हातारपणी आठवणींची सरमिसळ होते, अशी सरांनी स्वतःची समजूत घातली. व्याख्यानंही भरू लागली होती.

पण आता नदीकाठी पाटी लागणार होती. कायमची. सरांनी आजींना शेजारच्या दालनात नेलं, जुन्या नांगराजवळ खुर्ची दिली आणि एका दमात सांगून टाकलं.

“आजी, तो नावाडी मी रचला. लोक पेंगत होते म्हणून.”

आजींनी चष्मा काढून पुसला. “होडी तरी होती ना?”

“होडीही नव्हती.”

“मग तुमच्या कागदात आहे तरी काय?”

सरांनी आवाज उतरवून पंचनाम्याची शेवटची ओळ वाचली. “आजच्या व्याख्यानात हेच सांगणार आहे. पण आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं.”

“त्या माणसाचं नाव लिहिलंय?”

“नाही. नुसतं ‘इसम एक’.”

आजींनी कागद मागून घेतला. ती ओळ बोटाने चाचपली, घडी घातली आणि परत दिला.

कोरणाऱ्याने खिडकीतून डोकं आत घातलं. “अकरा की बारा? किती वेळ छिन्नी धरून बसू?”

सरांनी तोंड उघडलं, पण आजी आधी बोलल्या.

“अकराच लिही रे. प्यायलेल्या माणसाला तेवढ्याच खूप झाल्या.”