खाडीतली उंची

जहाज बेटाला लागलं, तेव्हा शाल्मली आणि तिचे आजोबा बाळकृष्ण कारखानीस डेकवर बसून सहलींचा कागद वाचत होते. धबधब्याची पायवाट, मसाल्यांची बाग किंवा उथळ खाडीत डुंबणं. वेळ एकाच सहलीपुरता होता.

"बागेत जाऊ," शाल्मली लगेच म्हणाली. "तिथे माझी खुर्ची जाते. आणि आबा, तुला पाण्याची भीती वाटते."

तेरा वर्षांची शाल्मली चंद्रावरच्या वसाहतीत जन्मली आणि तिथेच वाढली. पृथ्वीवर आल्यावर तिचं वजन सहापट झालं. तिच्या नाजूक हाडांना ते पेलेना, म्हणून महिनाभराची ही पहिली भेट ती चाकांच्या खुर्चीतच काढत होती. खुर्चीच्या पट्ट्यांमुळे आबांना नातीला धड जवळही घेता आलं नव्हतं.

आबांनी कागदावर खाडीपुढे खूण केली.

पाणी कोमट होतं. जहाजावरच्या दोन नर्सनी शाल्मलीला अलगद आत सोडलं. तिच्यामागून आबा काठाला बांधलेला दोर घट्ट धरून, डोळे मिटून छातीभर पाण्यात उतरले. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा पाण्यानं तिचा भार उचलला होता. तिचे पाय वाळूला टेकले आणि ती हळूहळू उभी राहू लागली. आबांची मान वर वर जात राहिली. चंद्राच्या कमी ओढीत वाढलेली नात त्यांच्यापेक्षा चांगली हातभर उंच होती.

"अगंबाई, आबा! तू एवढासाच आहेस?" ती खिदळली.

"जरा खाली वाक," आबा म्हणाले. त्यांनी दोर सोडला आणि तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.