कडाडवीर का बुडतो

“पिक्चरमध्ये कडाडवीर समुद्राच्या तळाशी बसून अख्खं गाणं म्हणतो,” संजना म्हणाली, “आणि गेममध्ये गुडघाभर ओढ्यात पडला की संपला! असं कसं चालेल?”

हरेश खालापूरहून कळंबला मुलगी बघायला आला होता. रिवाजाप्रमाणे दोघांना बोलायला परसात पाठवलं होतं. पगार, नोकरी असलं काही विचारायचं सोडून मुलीने मोबाईलच पुढे धरला. आधी आलेल्या मुलांनाही तिने हेच विचारलं होतं. ‘बरोबर हाय तुमचं’ म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदीबैलाशी संसार करायचा नाही, म्हणून तिने एकेकाला वाटेला लावलं. घरचे आता टेकीला आले होते.

“चालतंय की,” हरेश म्हणाला. “बुडलाच नाय, तर खेळायचं काय?”

“शक्ती ती शक्ती. फोनात आली म्हणून आटते काय?”

“पिक्चरात तो असतो. गेममध्ये तुमी असता. तुमाला कुठं पोहता येतं?”

“नदीत पोहत वाढलेय मी!”

“मग करा ओढा पार.”

“तुमीच करून दाखवा!”

हरेशने फोन घेतला, बाह्या सरसावल्या आणि पहिल्याच उडीत कडाडवीराला ओढ्यात घातलं. संजना एवढ्या मोठ्याने हसली की दाणे टिपणाऱ्या कोंबड्या पळाल्या.

“अगं, तुझा धक्का लागला!” तो ओरडला.

“खोटारडा! परत खेळ!”

आरडाओरडा ओटीपर्यंत आला. तिचे वडील नवनाथ यांनी कपाळाला हात लावला. “भांडतायत गं,” ते बायकोच्या, वनिताच्या कानाशी पुटपुटले. “ही पण सोयरीक गेली.” त्यांच्या समाजात सोयरीक जमली नाही तर पाहुणे पोह्यांवरच उठतात. जमली तरच जेवायला पानावर बसतात.

हरेशची आई सुंदरा खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचा मुलगा आजवर परक्या माणसाशी धड दोन वाक्यं बोलला नव्हता. आता तो लालबुंद होऊन, हातवारे करत तंडत होता आणि मधेच हसतही होता. तिला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

तिने पदराने डोळे टिपले आणि पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

“विहीणबाई,” ती वनिताला म्हणाली, “भात टाका. आमी जेवूनच जाऊ.”