साठ किलोच्या आत

पारडं काही केल्या उठेना.

संत्र्याच्या मंडीतल्या मोठ्या काट्यावर शालिकराम नुसत्या चड्डीवर बसला होता, उजवा पाय पारड्याबाहेर लांब करून. समोरच्या पारड्यातली साठ किलोची वजनं वर लोंबत होती. पांढुर्ण्याच्या कबड्डी सामन्यांत साठ किलोच्या आतलाच गडी खेळवतात. पंचांनी आधी पारड्याकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या गुडघ्याकडे. गुडघ्यावर चांगली जाडजूड पट्टी होती.

"पट्टी सोडा, बसाल वजनात," ते म्हणाले.

"पट्टी राहू द्या," शालिकराम म्हणाला.

पट्टीच्या आत काय आहे ते त्याला आणि त्याच्या बायकोला, इंदूलाच ठाऊक होतं. रामाकोन्याच्या संघाचा कप्तान हेमंत सात नंबरचं बनियन घेऊन काट्याशीच उभा होता, त्याला ठाऊक नव्हतं. ऐंशी सालापासून शालिकराम जो बोलावील त्याच्याकडून चढाई करत आला होता. तिगावकडून रामाकोन्याला हरवलं, रामाकोन्याकडून तिगावला. बसचं भाडं, दोन वेळचं मटण, आणि जिंकलं की खांद्यावर घेऊन मिरवणूक. गडी मोडला की मात्र ज्याचं त्याने आपल्या घरी जायचं. गुडघा दिसला तर हेमंत बसवून ठेवील, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

आणि नेमका आजच त्याने सौसरहून बापाला बोलावलं होतं. भिवाजींनी जन्मभर या खेळाला रिकामटेकड्यांचा धंदा म्हटलं आणि एकदाही मैदानाकडे फिरकले नाहीत. या वेळी कसे कोण जाणे, येतो म्हणाले. बापाने आपल्याला एकदा, फक्त एकदा, रेषेपलीकडे जाताना पाहावं, एवढंच शालिकरामला हवं होतं.

कालपासून त्याने पाण्याचा घोट घेतला नव्हता. थुंकून थुंकून तोंडाचं चामडं झालं होतं. आता अंगावरचं आणखी काय कमी करायचं? त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

मंडीच्या फाटकाशी, निंबाखाली, भाऊराव न्हाव्याची खुर्ची होती. डोकं त्याने मुकाट्याने सफाचट केलं. मिशीपाशी आल्यावर मात्र वस्तरा थांबला. डोकं आणि मिशी दोन्ही एकदम काढतात ते बाप गेल्यावर, आणि भाऊरावचं सासर सौसरचं, तो भिवाजींना ओळखत होता.

"मिशी नाही काढत मी," तो म्हणाला. "बाप जिता हाये तुमचा. परवाच पाह्यलं मी त्यायले."

"काट्यावर बाप नाही बसून राह्यला, भाऊरावजी. मी बसून राह्यलो. काढा."

भाऊराव पुटपुटत राहिला, पण त्याने मिशी काढली.

या खेपेस पारडं थरथरलं, उचललं गेलं आणि समोरच्या वजनांच्या बरोबरीला येऊन थांबलं. पंचांनी मान हलवली. हेमंतने हसत हसत सात नंबरचं बनियन त्याच्या खांद्यावर टाकलं. शालिकरामला इतका आनंद झाला की तो वयात आलेल्या पोरासारखा पारड्यातून उडी मारून उतरला.

उजवा पाय जमिनीला लागला आणि गुडघ्याने दगा दिला. काट्याची साखळी हातात आली म्हणून तो तोंडावर आपटला नाही. पलीकडची वजनं खडखडत खाली पडली. हेमंत खाली बसला, त्याने पट्टी सोडली, सुजलेला गुडघा पाहिला, आणि पट्टी पुन्हा नीट बांधून दिली. शिव्या घातल्या असत्या तर शालिकरामला चाललं असतं. त्या नीट बांधण्याचाच त्याला जास्त राग आला.

"शालिकभाऊ, आज तुमी बसा. श्रावणले पाठवतो."

शालिकरामने एक चढाई मागितली. मग आवाज चढवला, मग रामाकोन्याला कप कुणी मिळवून दिले त्याची आठवण करून दिली. हेमंतने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावरचं बनियन हळूच काढून नेलं.

सामना सुरू झाला तेव्हा शालिकराम मैदानाच्या कडेला बारदानावर बसला होता. सात नंबरचं बनियन राखीव गड्याच्या, श्रावणच्या अंगात होतं, आणि त्याला ते ढगळ होत होतं. शालिकरामच्या डोक्यात नुसता जाळ उठला होता. केस गेले, मिशी गेली, आणि ज्या पट्टीसाठी हे सगळं गेलं ती गुडघ्यावर तशीच. सवयीने त्याचा हात मिशीला पीळ द्यायला वर गेला आणि रिकामाच खाली आला.

भिवाजी गर्दीतून वाट काढत आले. मुलाच्या अंगावरून एकदा पुढे निघून गेले, मग थबकले, मागे वळले. त्यांनी त्याचं डोकं पाहिलं, ओठ पाहिला.

"मी कवा मेलो रे, शालिक?"

शालिकरामला काटा सांगायचा होता, साठ किलो सांगायचे होते, हेमंतचं नाव घ्यायचं होतं. तेवढ्यात तिकडे श्रावण कबड्डी कबड्डी करत रेषा ओलांडून गेला आणि लोकांनी एकच गलका केला. भिवाजींनी तिकडे पाहिलं. मग मुलाच्या गुडघ्याकडे बराच वेळ पाहिलं.

त्यांनी आपल्या डोक्याचा दुपट्टा सोडला. तेरवीच्या दिवशी सोयरे वारसाच्या बोडक्या डोक्याला बांधतात तसा तो मुलाच्या डोक्याला गुंडाळला, गाठ मारली, आणि त्याच्या शेजारी बारदानावर बसले.

"ऊन हाये," ते म्हणाले.