पडद्याआडचा पाळणा

चिकाच्या पडद्यापुढे राणीचा लेक चिलखत घालून उभा होता. "आईसाहेब, शत्रू घाटात आलाय. सैन्य घेऊन मीच निघतो. हुकूम द्या."

नाही म्हणण्याचा अधिकार तिला होता. ओठांवर तेच आलं होतं.

राजे गेले तेव्हा हा तान्हा होता. याच पडद्याआड पाळणा बांधून, दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून तिनं कारभार चालवला. झोका जरा थांबला, की हा टाहो फोडायचा. म्हातारे दिवाण हसून म्हणायचे, "बाईसाहेब, आधी धाकल्या सरकारांचा निवाडा करा!"

आताही तिचा पाय आपसूक हलत होता.

तिनं तो थांबवला. "निघा, राजे," ती म्हणाली, "पण दोन घास खाऊन."

तो मुजरा करून वळला. या खेपेला पडद्याआड रडू फुटलं ते आईला.