माठाचं पाणी

चंपाने चिरलेला लाल माठ कोमट पाण्यात बुडवला आणि घड्याळ बघितलं. दोन तास भिजवायचा, ते पाणी ओतायचं. मग भरपूर पाण्यात उकडायचा, तेही ओतायचं. नवऱ्याचं, रामजीचं, डायलिसिस सुरू झालं तेव्हा रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. भाजीतलं पोटॅशियम पाण्याबरोबर गेलं पाहिजे. अंगात साठलं तर हृदय बंद पडेल.

जयगडजवळच्या आपल्या गावात चंपाने तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती. भाजी आधी धुवा, मग चिरा. झाकण ठेवून शिजवा. पाणी टाकू नका, सगळं सत्त्व त्यातच असतं. गावातल्या प्रत्येक पोटुशीला तिने हे सांगितलं होतं. आताही ते पाणी मोरीत ओतायला तिचा हात होत नसे. ती पातेलं मागच्या पडवीत ठेवी आणि पाणी गार झालं की अळवाच्या मुळाशी घाली.

सकाळीच डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. रामजीचं पोटॅशियम उतरत नव्हतं, उलट या खेपेला वाढलं होतं. पथ्य नीट होतंय ना, असं त्यांनी विचारलं. चंपाने सांगितलं, नारळ नाही, केळं नाही, कोकम बंद, भाजीचं पाणी दोनदा काढते. मग डॉक्टर म्हणाले, उद्याच घेऊन या, पण असंच चाललं तर हृदय किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही.

दुपारी तिने माठ उकडला, निथळला, मिठाशिवाय परतला. ताटात तो भिजलेल्या कागदासारखा पडला. ताट घेऊन ती बाहेर आली तर रामजी खाटेवर नव्हता. हाक मारली, ओ आली नाही. ती मागे गेली.

रामजी पडवीत भिंतीला टेकून बसला होता. पातेलं दोन्ही हातांनी तोंडाला लावलेलं. हनुवटीवरून लाल पाणी गंजीवर ओघळत होतं.

"कधीपासून?" चंपाने विचारलं.

त्याने पातेलं खाली घेतलं. लपवलं नाही.

"पयल्यापासून," तो म्हणाला. "भाजी ह्यात हाय गो. तू ताटात वाढतेस त्यात कायच नाय."

चंपाने ताट जमिनीवर ठेवलं आणि पातेल्याचा काठ धरून ओढलं. ते सुटेना. रामजीच्या बोटांत एवढा जोर तिला कित्येक महिन्यांत जाणवला नव्हता.

मग तिनेच सोडलं.