सात पिढ्यांची दुवा

सकाळी दहाला किर्गिझस्तानातल्या नारीन गावात वीस मिनिटांची ऑनलाइन परीक्षा सुरू झाली. बिश्केकच्या कॉलेजातली जागा तिच्यावरच ठरणार, म्हणून आजोबांनी तळवे पसरून नात जिबेकसाठी दुवा मागायला घेतली. ती संपेपर्यंत हात खाली आणायचे नसतात. जिबेकनेही तळवे पसरले. सात पिढ्यांची नावं घेऊन ‘आमीन’ झालं, तेव्हा दहा एकवीस झाले होते. पेपर आपोआप बंद झाला होता.

पावणेअकराला तिने परीक्षा घेणाऱ्या अनारकूलबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

“बाई, दुवा चालू होती. पेपर पुन्हा उघडा ना.”

“वेळ म्हणजे वेळ. वीस मिनिटं कुठे दुवा चालते का?”

आजोबांनी फोन ओढून घेतला. “थांब पोरी, तुझ्यासाठीही मागतो.”

बाईंनी तळवे पसरले.

दुसऱ्या तुकडीचा पेपर बाईंनीच अकराला सुरू करायचा होता. अकरा वाजून दोन मिनिटांनी आजोबा पाचव्या पिढीवर होते.